काठीपासून दहा पावलं

साहेब, चौतीस घरटी तुम्ही चिरडलीत आणि कागदावर नाव माझ्या बहिणीचं लावलंत. मी वेल्डिंग करणारा माणूस, शाळा सातवीत सुटली, गोड लिहायला मला जमत नाही. तुम्हाला हे कोणीतरी वाचून दाखवेलच. तुमच्याकडे आलेला कागद तुम्ही स्वतः वाचत नाही, हे आता आम्हाला चांगलंच कळलंय.

आधी आमची पद्धत ऐका. सतरा वर्षांत तुमच्यापैकी एकानेही ती विचारली नाही.

ताई दवाखान्यात नर्स होती. नोकरी संपली त्याच महिन्यात तिने किनारा हातात घेतला. तेव्हा तिथे फुटक्या बाटल्या होत्या, फाटक्या जाळ्यांची भेंडोळी होती आणि हौशी लोकांच्या गाड्यांच्या चाकोऱ्या होत्या. आम्ही सात जण जमलो. त्यात एक न्हावी. त्याला आम्ही प्रोफेसर म्हणतो, कारण गालावर वस्तरा असताना गिऱ्हाईक उठून जाऊ शकत नाही आणि हा तेवढ्यात आख्खं व्याख्यान उरकतो. आम्ही कचरा उपसला, वाळू धरून ठेवणारं गवत लावलं, दोरीचं कुंपण घातलं. तिसऱ्या वर्षी चिखल्या आले. मुठीएवढा पक्षी. वाळूत नुसता खळगा करून अंडी घालतो आणि ती अंडी खड्यांसारखी दिसतात. पाय पडला तरी कळत नाही.

म्हणून खूण हवी. पण खूण केली की चोरालाही कळतं. माणूस जिथे वाकतो तिथे कावळा बघून ठेवतो, आणि अंडी उचलणारे लोक कावळ्यापेक्षा हुशार. पक्षी आले त्या पहिल्या हंगामात आम्ही घरट्याशेजारी काठ्या लावल्या आणि आठवड्यात सगळं साफ झालं. ताई दोन दिवस रिकामे खळगे मोजत हिंडली. तिसऱ्या दिवशी तिने नियम घातला. घरटं दिसलं की थांबायचं नाही, वाकायचं नाही, चाल बदलायची नाही. तसंच समुद्राच्या दिशेने मोजून दहा पावलं जायचं आणि तिथे लाल टोकाची काठी रोवायची. कावळे काठीपाशी उकरत बसतात, माणसंही. घरटं मागे दहा पावलांवर सुखरूप. काठी खोटं बोलते, हे फक्त आम्हा सात जणांना ठाऊक होतं. चारचौघांत हे उच्चारायचं नाही, हा दुसरा नियम. ताईने तो इतका पाळला की पोटच्या मुलालाही कधी सांगितलं नाही.

मग तुमचं पत्र आलं. किनारा आता कार्यालयाच्या ताब्यात, तरी घरट्यांचा नकाशा सादर करावा.

ताईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी नकाशा काढला. माझी रेघ सरळ येते, धंद्याची सवय. एकेचाळीस काठ्या, एकेचाळीस लाल ठिपके. दहा पावलांचं समोरच ठळक लिहू या, असं मी म्हणालो. ताईने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी बाजारात दवंडी पिटायला निघालोय. तिचं म्हणणं, कागद टेबलावर उघडा पडणार, येणारा-जाणारा डोकावणार.

"मागच्या बाजूला लिहू," ती म्हणाली. "ज्याला काम आहे तो उलटून बघेलच."

आणि तिने स्वतःच्या हाताने मागे लिहिलं: घरटं काठीखाली नाही, काठीपासून जमिनीच्या बाजूला दहा पावलांवर आहे, तिथून वाहन नेऊ नये. खाली सही केली.

कागद खिडकीवर मी दिला. तुमच्या कारकुनाने समोरच्या बाजूला शिक्का मारला आणि आणखी काही सांगायचंय का, असं विचारलं. हो, त्याने विचारलं. त्याचं श्रेय त्याला देतो. पण माझ्यामागे रांगेत दोघे उभे होते. त्यातल्या एकाला मी पूर्वी अंड्यांची पिशवी घेऊन पळताना पाहिलं होतं. मी म्हणालो, सगळं कागदात आहे. इतक्या वर्षांची सवय, जीभ वळलीच नाही. 'उलटून बघा' एवढे दोनच शब्द होते. माझा गुन्हा तेवढा. तो मी कबूल करतोय. आता तुमच्याकडे वळू.

तुमचे कोणी मोठे पाहुणे किनारा बघायला येणार होते. त्यांच्या गाड्यांसाठी तुम्ही वाळूवर सपाट पट्टा करायला ट्रॅक्टर पाठवलात. ऐन अंड्यांच्या दिवसांत. आम्हाला निरोप नाही, काही नाही. सकाळी आम्ही पोचलो तेव्हा ट्रॅक्टर थांबलेला होता. ड्रायव्हर सावलीत घाम पुसत बसला होता. ताईला पाहून तो उठला.

"मावशी, एकाही काठीला धक्का लागू दिला नाही," तो म्हणाला. "समुद्राकडची वाळू ओली, चाक रुततं. म्हणून वरच्या अंगाने गेलो. प्रत्येक काठीला आठ-दहा पावलं सोडून."

त्याने खरंच तसं केलं होतं. चाकांचे ठसे काठीपाशी आले की वळसा घेत होते, पुन्हा सरळ होत होते, पुन्हा वळसा. दर वळशाला तो खाली उतरून अंतर बघत होता, हे त्यानेच अभिमानाने सांगितलं. निष्काळजी असता, काठ्या तुडवत गेला असता, तर घरटी वाचली असती. चौतीस घरटी त्याच्या चांगुलपणाखाली गेली. उरलेली सात खालच्या टोकाला होती. तिथे पोचायच्या आत त्याचं डिझेल संपलं.

ताईने पिशवीतून पाण्याची बाटली काढून त्याच्या हातात दिली. छान केलंस, म्हणाली. मग ती पट्ट्यावरून चालू लागली आणि नियम घातल्यापासून पहिल्यांदा घरट्यापाशी वाकली. कुंपणावर कावळे होते. तिने त्यांच्याकडे बघितलंही नाही.

पाहुणे आले, पण गाडीतून उतरले नाहीत. वाळू बुटात जाते.

पंधरा दिवसांनी तुमचा आदेश आला. त्यात काय लिहिलंत ते तुम्हाला आठवत नसेल, मला तोंडपाठ आहे. ड्रायव्हरच्या जबाबानुसार सर्व काठ्या जागेवर शाबूत आढळल्या. सबब अप्रशिक्षित स्वयंसेवकांनी चुकीच्या ठिकाणी खुणा केल्यामुळे हानी झाली. सबब गटप्रमुख बाईंनी ओळखपत्र जमा करावं आणि सातही जणांनी किनाऱ्यावर पाऊल ठेवू नये. सबब, सबब. एका प्रामाणिक माणसाचा जबाब घेतलात आणि त्याचाच सुरा केलात.

मी कार्यालयात आलो. कारकुनाने फाईल उघडली. नकाशाची झेरॉक्स निघाली. त्याने ती माझ्यासमोर उलटी केली. कोरी. पांढरीफट्ट.

मूळ कागद कुठे, असं मी विचारलं.

"मूळ वर गेला."

"वर म्हणजे कुठे?"

"वर म्हणजे वर."

वर एकच जण राहतो असं मी ऐकून होतो आणि तो फायली मागवत नाही, असं मी त्याला म्हणालो. तो हसला. मग इकडे-तिकडे बघून हळूच म्हणाला, काका, झेरॉक्स एकाच बाजूची काढतात, तसाच हुकूम आहे. त्याच्यावर माझा राग नाही. तीन वेळा लेखी अर्ज दिला, तीन वेळा तुम्ही तोंडाला पानं पुसलीत.

गेल्या आठवड्यात ट्रॅक्टरचा ड्रायव्हर ताईच्या घरी आला. प्रोफेसरकडे दाढी करताना त्याला सगळं कळलं होतं. आम्ही प्रोफेसरला नंतर फैलावर घेतलं, पण बोलून झालं होतं. ड्रायव्हर दारातच उभा राहिला, बस म्हटलं तरी बसेना.

"त्या दिवशीच मला का नाही सांगितलंत, मावशी?"

"सांगून एक तरी अंडं परत जुळलं असतं का?" ताई म्हणाली. "तुझी झोप तेवढी गेली असती."

तो रडला. तुमच्या बाजूने रडलेला हा एकटाच माणूस, आणि तो रोजंदारीवर आहे.

आता दीड महिन्यात चिखल्या परत येतील. त्यांना तुमचा आदेश वाचता येत नाही. ते तिथेच अंडी घालतील आणि दहा पावलं मोजायला कोणी नसेल. एकेचाळीसच्या एकेचाळीस काठ्या ताईच्या मागच्या खोलीत भिंतीला टेकून उभ्या आहेत. ती त्या खोलीत जात नाही. परवा भाजी निवडता निवडता तिने मला विचारलं, मागे लिहू म्हणाले ती मीच ना. मी नाही म्हणालो, माझी चूक, मी खिडकीवर बोललो नाही. तिने मान हलवली आणि देठं मोडत राहिली. माझं 'नाही' तिला पुरत नाही. भावाचं ते.

तेव्हा साहेब, पुन्हा अर्ज करत नाही, विचारतो. मूळ कागद कोणाच्या टेबलावर आहे? ज्याच्या असेल त्याने तो उलटावा, माझ्या बहिणीच्या घरी यावं आणि मागे काय लिहिलंय ते तिच्यासमोर बसून मोठ्याने वाचावं. चिखल्या यायच्या आत.

कधी येताय?