भिंगरीचे माप

मी एक जुनी टेप आहे. गाणी वाजवणारी नव्हे, शिंप्याच्या गळ्यात असते ती. एका बाजूने पिवळी, दुसऱ्या बाजूने पांढरी, आणि अंगभर साठ इंच. कारखान्यातून निघाले तेव्हा आम्ही शंभर बहिणी एकाच खोक्यात गुंडाळून बसलो होतो. त्यातली मी मास्तरांच्या वाट्याला आले. त्यांच्या मानेवर जी चढले, ती तीस वर्षे तिथेच राहिले.

मित्रांनो, त्या दुकानात मी काय काय पाहिले! मी कमरेला लागताच पोट आत ओढून घेणारी मोठमोठी माणसे पाहिली. मास्तर त्यांना काही बोलत नसत, मुकाट्याने दोन इंच वाढवून लिहीत. 'मास्तरांचे माप म्हणजे काळ्या दगडावरची रेघ,' असे गिऱ्हाइके म्हणत, तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढे. टेपच्या अंगावर मांस चढणे बरे नव्हे म्हणा.

पुढे तयार कपड्यांची दुकाने आली आणि आमच्या दुकानाची पायरी झिजायची थांबली. मास्तरीणबाई वारल्या. लेक नवऱ्याबरोबर दूरच्या देशात गेली. दुकानात उरलो आम्ही तिघे: मास्तर, मी आणि काजे-बटणे करणाऱ्या काकू.

लेकीला एक मुलगी होती. ती एका जागी ठरत नसे म्हणून मास्तर तिला भिंगरी म्हणत. दर रविवारी सकाळी मास्तर दोऱ्याच्या रिळांच्या डब्याला फोन टेकवून ठेवत आणि त्यात भिंगरी दिसे. कधी नुसते कपाळ, कधी नुसती वेणी. तिच्या वाढदिवसाला स्वतः शिवलेला फ्रॉक पाठवायचा, असे मास्तरांच्या मनाने घेतले. लेकीकडे माप मागितले तर ती म्हणाली, "कशाला त्रास घेता बाबा? इथे सगळं तयार मिळतं."

मग मास्तरांनी काय करावे? मला गळ्यातून काढले आणि फोनच्या काचेवर धरले. भिंगरीचा खांदा पाऊण इंच भरला!

काकू हसून हसून बेजार झाल्या. "अहो मास्तर, बाहुलीचा फ्रॉक शिवताय की काय?"

"हसा तुम्ही. तिच्या हातातला पेला मीच घेऊन दिलाय. त्याची उंची मला पाठ आहे. पेल्यावरून पोरगी काढतो की नाही बघा."

आणि त्यांनी काढली. निळे कापड, दोन खिसे, पाठीवर पाच बटणे. पार्सल गेले. पुढच्या रविवारी भिंगरी तो फ्रॉक घालून फोनवर आली. रंग खुलून दिसत होता. पण एरवी दोन मिनिटे न टिकणारी ही मुलगी गुडघ्यांवर हात ठेवून अगदी शहाण्यासारखी बसून राहिली. मास्तर म्हणाले, "उभी राहा गं, घेर बघू." लेक घाईने म्हणाली, "बाबा, ती दमलीय आज."

मास्तरांनी आयुष्यभर माणसे पाहिली होती. जो उठत नाही, त्याचे कपडे बसलेले नसतात, हे त्यांना कुणी शिकवायला नको होते. शेवटी भिंगरीच उठली. फ्रॉक गुडघ्यांच्या वीतभर वर होता. ती वळली तर पाठीची तीन बटणे उघडी.

"आजोबा," ती रडवेली होऊन म्हणाली, "मी मुद्दाम नाही हो वाढले."

मास्तर तेव्हा हसले. फोन बंद झाल्यावर मात्र मशीनवर डोके टेकून रडले. मी गळ्यातच होते, मला सगळे कळत होते. माप चुकल्याचे दुःख कमीच होते. आपल्या नातीची उंची आपल्याला ठाऊक नाही, हे त्यांना सोसवत नव्हते.

लेकीच्या घरी टेप नव्हती असे नाही. होती, लोखंडी, भिंती मोजायची. "लोखंडी टेपनं माणूस मोजतात का?" असे म्हणून मास्तरांनी मलाच गुंडाळले आणि पाकिटात घातले. पाकीट बंद करताना त्यांचे बोट बराच वेळ माझ्यावर होते.

तिकडे लेकीने मला भिंगरीच्या छातीभोवती धरले. "आवळू नकोस, एक बोट आत ठेव," मास्तर फोनमधून सांगत होते. लेक आकडे सांगत होती, ते लिहून घेत होते. तीस वर्षे मी त्यांची हनुवटीच पाहिली होती. त्या दिवशी चेहरा पहिल्यांदा नीट पाहिला. किती थकलेला होता तो! बोलता बोलता त्यांचा हात मानेकडे जाई, तिथे काही सापडत नसे आणि मग ते कॉलर सारखी करत.

तो फ्रॉक मात्र असा बसला की काय सांगू! भिंगरी फोनसमोर गरागरा फिरली. मास्तरांनी टाळ्या वाजवल्या.

त्याला आता दीड वर्ष झाले. मी लेकीच्याच घरी एका खणात आहे, जुन्या किल्ल्यांच्या शेजारी. रविवारी भिंगरीचा क्लास असतो. फोन येतो, पण घाईघाईचा. सुरुवातीला मास्तर विचारत, "माप बदललं असेल ना?" लेक म्हणे, "पाठवते बाबा, जरा सवड होऊ दे." सवड काही झाली नाही.

परवा पार्सल आले. कात्री काढायला लेकीने खण उघडला आणि तो उघडाच राहिला, म्हणून मी पाहू शकले. नवा फ्रॉक होता. खालच्या पट्टीत वीतभर कापड तीन वेळा दुमडून कच्च्या टाक्यांनी धरलेले. दोन्ही बाजूंच्या शिवणीतही तसेच. पोरगी कितीही वाढली असली तरी उसवून मोठा करता यावा, असा. मास्तरांनी माप विचारायचेच सोडून दिले होते.

लेक ती जड पट्टी हातात धरून उभी राहिली. मग तिने हाक मारली, "भिंगरे, जरा इकडे येऊन उभी राहा." भिंगरी क्लासला गेली होती.

मित्रांनो, तुमचीही आजी किंवा आजोबा असेच कुठेतरी फोन टेकवून बसत असतील. त्यांच्याशी नुसते तोंड दाखवून बोलू नका. उठा, चार पावले मागे जा, पायांपर्यंत दिसा. आणि त्यांनी विचारायची वाट न बघता सांगा, 'बघा, मी आता एवढी झाले.'