अठ्ठावन्न होकार

फॉर्मचं मराठी करायला उल्काला फार तर वीस मिनिटं लागली. त्या वीस मिनिटांनी पुढे तिची झोप उडवली.

निशिमुरासान जपानमधल्या एका प्रांताच्या विधानसभेत तीनदा निवडून आलेल्या. त्यांच्या छोट्याशा स्थानिक गटाचा एक जुना नियम होता: कुणीही तीन टर्मपेक्षा जास्त आमदार राहायचं नाही, चौथ्या वेळी नवा माणूस उभा करायचा. आता गटातल्याच काहींना ही मर्यादा पाचवर न्यायची होती. सभासदांचं मतदान ठरलं, आणि त्याआधी परिसरातल्या मराठी कुटुंबांचं मत मागवायचंही ठरलं. त्यांना मतदानाचा हक्क नव्हता, पण त्यांचं म्हणणं सभेत वाचून दाखवणार होते.

उल्का सात वर्षं निशिमुरासानांच्या कार्यालयात अर्धवेळ काम करत होती. नवऱ्याच्या, उदयच्या नोकरीपायी पुण्याहून आलेली, पहिली काही वर्षं घरातच कोंडलेली. लेकीशी, तन्वीशी शाळेत कुणी बोलेना, तेव्हा निशिमुरासान स्वतः मुख्याध्यापकांना भेटायला गेल्या होत्या. नंतर त्यांनीच उल्काला कामावर घेतलं. भारतीय लोकांचं गाऱ्हाणं त्यांच्यापर्यंत जायचं ते उल्काच्या तोंडून.

नवा माणूस कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सोनल. अकराव्या वर्षी इथे आलेली, आता एकतिशीची, जपानी नागरिकत्व घेतलेली. तीन वर्षं ती गटाचं काम करत होती. सोनल निवडून आली, तर मध्ये उल्का कशाला हवी होती?

जपानी प्रश्न सरळ होता: आमदारकीची मर्यादा तीन टर्मवरून पाचवर न्यावी का? उल्काने लिहिलं, ‘निशिमुरासानांनी यापुढेही आपल्यासाठी काम करत राहावं, असं तुम्हाला वाटतं का?’ लिहून ती जरा थांबली. लोकांना सोपं पडेल, असं तिने स्वतःला सांगितलं आणि प्रिंट काढली.

अठ्ठावन्न फॉर्म परत आले. अठ्ठावन्न होकार.

शनिवारी दुपारी सभेत तो आकडा वाचून दाखवला तेव्हा लोकांनी माना डोलावल्या. नऊ मतांच्या फरकाने नियम बदलला. सोनलने उठून, कमरेतून वाकून निशिमुरासानांचं अभिनंदन केलं. उल्का खुर्च्या आवरत राहिली.

चार दिवसांनी सुपरमार्केटात सोनलची आई, अनुराधाताई भेटल्या.

“उल्का, तो फॉर्म मीही भरला होता,” त्या म्हणाल्या. “हो लिहिलं. बाई चांगली आहे, काम करू दे, असं वाटलं. त्या होकाराने सोनलची जागा जाईल हे कुणी सांगितलंच नाही गं.”

“हो ना,” एवढंच म्हणून उल्का काउंटरकडे वळली.

त्या संध्याकाळी तिने उदयला सगळं सांगितलं. त्याने पूर्ण ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “सोनलशी बोललीस का?”

दुसऱ्या दिवशी ती सोनलला स्टेशनजवळच्या कॉफीच्या दुकानात भेटली आणि प्रश्न मुद्दाम वळवल्याचं तिने सांगून टाकलं.

“मला माहीत होतं, काकू,” सोनल म्हणाली. “आई फॉर्म भरत होती तेव्हाच वाचला मी.”

“मग बोलली का नाहीस?”

“मी बोलले असते, तर खुर्चीसाठी भांडतेय असं झालं असतं. आणि मला वाटलं, सभेआधी तुम्हीच सांगाल. शेवटपर्यंत वाट बघितली मी.”

तिच्या आवाजात राग असता तर उल्काला बरं वाटलं असतं.

तिथून ती थेट कार्यालयात गेली. निशिमुरासानांनी मान खाली घालून सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, “अठ्ठावन्नपैकी एकानेही नाही म्हणू नये, हे मलाही विचित्र वाटलं होतं. मी विचारलं नाही. उत्तर सोयीचं होतं.” फेरमतदानाची मागणी त्यांनी स्वतः गटाच्या समितीपुढे मांडली. समितीने ती फेटाळली. परदेशी लोकांचं मत केवळ माहितीसाठी होतं, असं उत्तर आलं.

उल्काने नोकरी सोडली. खरा प्रश्न नीट मराठीत लिहून, माफीच्या दोन ओळींसह, तो कागद घेऊन ती दारोदार फिरली. बहुतेकांनी हसून घेतला. “आम्ही तरीही हो म्हटलं असतं,” शेजारची वैभवी म्हणाली. तेवीस जण म्हणाले, आम्ही हो म्हटलं नसतं.

अनुराधाताईंचं दार तिने सगळ्यात शेवटी वाजवलं. त्यांनी उंबऱ्यातच कागद वाचला, पुन्हा वाचला. सोनलने योकोहामाला नोकरी धरली होती. आतल्या खोलीत तिची खोकी बांधून ठेवलेली दिसत होती.

“हे आधी आणायला हवं होतंस,” त्या म्हणाल्या.

“हो, ताई.”

त्यांनी कागदाची घडी घातली आणि दार हळूच लावून घेतलं. उल्का लिफ्टकडे न जाता सहा मजले पायऱ्यांनी उतरली.