माझा ओक, युदोनचा ओक

आमच्या डोंगरावर बायका सासूच्या सगळ्या कागाळ्या एकमेकींना सांगतील, पण आपली अळंबी कुठल्या ओकखाली उगवते ते सांगणार नाहीत. पाइनच्या रानात कमरेएवढे, बारा महिने हिरवे, काटेरी पानांचे ओक जिकडेतिकडे पसरलेत. त्यातला एक माझा. सासूने दाखवलेला, तिच्या शेवटच्या चढणीला.

यंदा माझे गुडघे संपावर गेले. पुढल्या वर्षी चढणं होईल असं वाटत नाही. म्हणून सून यांगझोमला घेऊन भल्या पहाटे निघाले. दारात शेजारीण युदोन उभी.

"कुठं गं, पालमो?"

"लाकडं आणायला. तू येतेस?"

"नको बाई, कंबर धरलीय."

चाळीस वर्षं आम्ही एकमेकींना रोज अशाच थापा मारतो. कुणी मागावर नको म्हणून मी नेहमीसारखी लांबची वाट धरली. मध्ये दोनदा बसून, सत्तू खाऊन, धापा टाकत ओकपाशी पोचले, तर युदोन तिथं गुडघे टेकून बसलेली, दोन्ही हात मातीत.

"कंबर धरली होती ना गं?"

"सुटली."

माझं डोकंच सणकलं. "किती वर्षं चाललंय हे?"

"अकरा. तुला धड दिसेनासं झाल्यापासून. अळंबी काढतेस आणि खड्डा तसाच उघडा टाकून जातेस. माती कोण ओढणार, पानं कोण पसरणार? खड्डा झाकला नाही तर पुढल्या वर्षी उगवेल का ती?"

"आणि हे सगळं फुकट?"

"एखादी घेते. मजुरी नको?"

यांगझोम पाठ फिरवून हसत होती. युदोन मनात आणती तर सगळीच घेऊन जाती. मला लाज वाटली आणि ती माझी शेजारीण आहे याचं बरंही वाटलं.

युदोनने हात झटकले आणि यांगझोमचं मनगट धरलं. "चल पोरी, माझाही ओक बघून ठेव. माझी लेक शहरात गेली ती गेलीच. मी तरी कुणाला दाखवू?" मग माझ्याकडे वळली. "तू तोंड फिरव."

मी फिरवलं. चाळीस वर्षं मी तिची जागा हुडकत होते. पावलांच्या आवाजावरून दिशा कळली असती, म्हणून कानांवरही हात ठेवले.