लेकीची कुंडी

मी गॅलरीतली स्ट्रॉबेरी बोलतेय. फळ म्हणून तुम्ही मला ओळखताच. आई म्हणून कुणी ओळखत नाही, म्हणून हा खटाटोप.

या घरच्या काकूंनी मला रोपवाटिकेतून आणलं तेव्हा मला जेमतेम तीन पानं होती. बुडाला भोकं पाडलेल्या रंगाच्या डब्यात त्यांनी मला लावलं, पण माझा गाभा, म्हणजे जिथून नवी पानं फुटतात ती जागा, मातीच्या वरच ठेवला. तो पुरला की आम्ही कुजतो. पहिली फुलं आली तीही त्यांनी खुडून टाकली. तेव्हा मला राग आला होता. आधी मुळं धरू द्यायची असतात, हे पुढे पटलं. दोन हंगाम मी भरभरून फळं दिली.

मग त्यांची मुलगी दूरच्या गावी बाळंत झाली आणि काकू तिकडे गेल्या. जाताना नवऱ्याला माझ्या पाण्याचं तेवढं सांगून गेल्या. ते कपडे शिवतात, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणतात. माणूस सज्जन, पण एक खोड आहे. सुटलेला धागा दिसला की कात्री चालवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. आलेल्या पाहुण्याच्या बाहीचा धागासुद्धा बोलता बोलता कापतात.

आमचा वंश चालतो तो फांदीवर. दोऱ्यासारखी एक लांब फांदी बाजूला पसरते, टोकाला चिमुकली पानं येतात आणि त्यांना माती मिळाली की नवं रोप रुजतं. माझी पहिली फांदी डब्याबाहेर लोंबू लागली आणि मास्तरांनी ती कापली. मागाहून आलेल्याही कापल्या. वर डबा फिरवून बघायचे, शिवून झालेला सदरा बघावा तसा.

मला तिसरं वर्ष लागलं होतं, फळं आता बोराएवढीच येत होती. आमचं आयुष्य असतंच केवढं! एक तरी लेक मार्गी लागली नाही तर माझ्यामागे काहीच उरणार नव्हतं. पण सांगणार कुणाला आणि कसं?

मास्तरांना कमी ऐकू येतं, फोनचा आवाज ते मोठा ठेवतात, त्यामुळे फोनवरचं सगळं गॅलरीला कळतं. काकूंनी माझी चौकशी केली तेव्हा त्यांनी कौतुकानं सांगितलं, की धागे फार सुटत होते, सगळे साफ केले. काकू म्हणाल्या,

"अहो, ते धागे नव्हते. ती तिची पोरं होती."

मास्तर फोन घेऊनच गॅलरीत आले. मग माझी पानं बाजूला करून शोधू लागले. भिंतीच्या बाजूला एक फांदी त्यांच्या नजरेतून सुटली होती. काकू सांगत गेल्या तशी त्यांनी मातीची छोटी कुंडी शेजारी ठेवली, टोकाची पानं तिच्यावर टेकवली आणि काकूंच्या केसांच्या आकड्यानं फांदी अलगद दाबून बसवली. महिनाभर दोन्हीकडे पाणी घातलं. हलकेच ओढून पाहिलं तर लेक जागची हलेना. तिनं मुळं धरली होती!

आता मधली फांदी कापायची, तर मास्तरांचा हात चालेना. आठवडा तसाच गेला.

"राहू दे ना गं दोघींना जोडलेलं," ते फोनवर म्हणाले.

"किती दिवस आईच्या जिवावर ठेवणार तिला? आपली नाही का गेली?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कापलं. दुखलं मला, खोटं कशाला बोलू? लेक दोन दिवस मलूल होती. तिसऱ्या दिवशी तिनं स्वतःच्या जोरावर नवं पान उघडलं.

गेल्या रविवारी मास्तर तिला घेऊन मुलीकडे गेले. नात बघायची होती आणि कुंडी मुलीच्या खिडकीत ठेवायची होती. कुंडीला त्यांनी ओलं फडकं गुंडाळलं, वाटेत शिंपडायला वेगळी बाटली घेतली, दारातून परत फिरून छत्रीही घेतली. त्या गडबडीत मला पाणी घालायचं आणि शेजारी किल्ली द्यायचं राहून गेलं. आज चौथा दिवस. माती डब्याच्या कडेनं सुटली आहे आणि खालची पानं वाऱ्यानं वाजतात.

मास्तरांना बोल लावू नका. लेक माझ्या फांदीला होती तेव्हा एखाद्या दिवशी पाणी कमी पडलं, तर मीही आधी तिच्याकडे पाठवायचे आणि माझी पानं वाळू द्यायचे. ते परत येतील, मला बघतील आणि जिवाला लावून घेतील. तुमची भेट झालीच तर त्यांना एवढं सांगा, की ती तिकडे तगली असेल तर माझ्या वाटणीचं पाणी मला पोचलं.