ओदोईला जेवण कोणी दिलं?

बुकोम या बॉक्सरांच्या वस्तीत सकाळी दोरीवरच्या उड्यांचा आवाज आधी येतो आणि कोंबडा नंतर आरवतो. देडे आत्या अंगणात बसून आंबवलेल्या मक्याचे केंके कणसाच्या पानांत गुंडाळत होती. पायरीवर तिचा भाचा ओदोई बुटाची नाडी बांधत होता. बांधत होता कसला, तिच्याशी झगडत होता.

"आण इकडे तो पाय," आत्या म्हणाली. "एकोणीस जणांना लोळवलंस आणि एक नाडी तुला ऐकेना?"

ओदोई हसला. हसताना ओठांचा एक कोपरा मागेच राहिला.

एकोणीस विजय खरेच. त्यातले निम्मे टॅक्सीवाल्यांवर आणि कोळ्यांवर मिळवलेले, हेही तितकंच खरं. गोऱ्यांच्या देशातल्या नवख्या पोरांना नाव कमवायला असा एकोणीस विजयांचा आफ्रिकी वाघ लागतो, आणि आमचे वस्ताद तो पुरवतात. तीन वर्षांत ओदोई परदेशात सहा वेळा आडवा झाला. धाकटी बहीण कोरकोर इस्पितळात नर्स होती, ती त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी कागदावर स्पष्ट लिहिलं: मार बसून मेंदू दुखावला आहे, आता एकही लढत नको.

पण टेको वस्तादाने शनिवारची लढत ठरवून टाकली होती. तो थेट घराण्याचे प्रमुख ओक्पोटी काका यांच्याकडे गेला. पोर सारखा का पडतो हे शोधायला काकांनी प्रार्थनेच्या छावणीतला पास्टर बोलावला. पास्टरने डोळे मिटले आणि त्याला लगेच दिसलं, की एक म्हातारी अन्नातून या पोराची ताकद खाते आहे!

"याला जेवण कोण देतं?" काकांनी भर अंगणात विचारलं.

सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं. आत्या विधवा, पोटी मूलबाळ नाही. खापर फोडायला याहून सोयीचं डोकं कुठे मिळणार?

कोरकोरने कागद पुढे केला. "काका, हे चेटूक नाही, ठोसे आहेत. वाचा तरी."

"ठोसे? अगं पोरी, ठोसे तर आपण पिढ्यान्‌पिढ्या खातो. तुझ्या बापाने काय फुलं झेलली?"

"मग बाबांचे हात का थरथरायचे?"

काकांनी कागद न वाचताच परत ढकलला. "आजच्या आज हिने घर सोडायचं. शनिवारी पोराला मोकळ्या अंगाने लढू दे."

"आत्याने काय केलं?" ओदोईने विचारलं. थोड्या वेळाने त्याने पुन्हा तेच विचारलं. वस्तादाने त्याच्या खांद्यावर थोपटलं.

चेटूक उतरवायला आत्याला त्याच पास्टरच्या छावणीत उपासाला बसवायचं ठरलं. कोरकोर दारापर्यंत गेली, तेव्हा आत्याने तिचा हात धरला.

"तुझी आई पळून गेली असं तुला सांगितलंय ना? ती पळाली नाही गं, तिलाही असंच काढलं. तुझ्या बापाचे हात थरथरायला लागले, तेव्हा स्वयंपाक ती करायची. तिचं गाठोडं याच दारापर्यंत मी आणून दिलं होतं. मलाही तेव्हा ते चेटूक खरंच वाटलं."



शनिवारी ओदोईची नाडी वस्तादाने बांधली. दुसऱ्या फेरीत ओदोई पडला. त्याला उचलून आणलं. तो जिवंत आहे असं म्हणायचं. पायरीवर बसवला की बसतो, भरवलं की खातो.

आठवड्याने पुन्हा बैठक बसली. वस्ताद आलाच नाही. निदान आता तरी आत्याला परत बोलावतील, असं कोणाही शहाण्या माणसाला वाटेल. काकांनी घसा खाकरला.

"शनिवारी ओदोईला जेवण कोणी दिलं?"

माना कोरकोरकडे वळल्या.

तिने दादाच्या तोंडात शेवटचा घास घातला, त्याची हनुवटी पुसली. मग आत्याचा पाट अंगणाच्या मधोमध ओढला आणि त्यावर बसली.

"मी दिलं. आज दिलं, उद्याही देणार. मी गाठोडं बांधणार नाही. इथून उठले की आत्याला आणायला जाणार आहे, आणि आई कुठे सापडली तर तिलाही. आणि काका, विचारायचंच असेल तर हे विचारा, याला रिंगमध्ये कोणी पाठवलं?"

अंगणात अकरा बायका होत्या. एकीनेही मान वर केली नाही. त्या घरात प्रत्येकीने कधी ना कधी कुणाला तरी जेवण वाढलं होतं.