फळ्यावरची जाळी

थेक्ला ब्रांडेसच्या प्रबंधाचा तिसरा भाग सोडला, तर बाकी सगळ्यावर प्रोफेसर हार्निश खूश होते. तिसऱ्या भागात त्यांचा स्वतःचा शोध यायला हवा होता: अतिघन ताऱ्याकडे जाणारा प्रकाश मंदावत जातो आणि एका ठरावीक अंतरावर जागच्या जागी थांबतो. थेक्लाने तिथे लिहिलं होतं, थांबत नाही.

मंगळवारी चारला विभागाची सभा असायची, आणि त्याआधी तळमजल्यावर कॉफी. कॉफी कसली, भाजलेल्या सातूचं काळं पाणी; युद्ध संपून तीन वर्षं झाली तरी कपात तेच. तिच्या शेजारच्या टेबलावर आकडेमोड करणाऱ्या रुप्रेश्टने तिला जिन्यात गाठलं.

"आज गप्प बस गं. प्रबंधावर त्यांची सही होऊ दे, मग जन्मभर भांड."

"सही झाली की चूक माझ्या नावावर चढते."

"आणि सही नाहीच झाली तर?"

"तर डॉक्टर नाही व्हायची. आई तर झालेच आहे."

तिची सात महिन्यांची लोरे शेजारणीकडे, फ्राऊ टीमेंकडे होती. पाचपर्यंत सांभाळते, म्हणाल्या होत्या.

हार्निशांचं व्याख्यान संपलं तसे सगळ्यांनी बाकांवर बोटांचे सांधे वाजवले. जर्मन विद्यापीठांतली ही शाबासकी. नापसंती असली की बूट फरशीवर घासायचे.

"फ्राऊ ब्रांडेसना शंका आहे म्हणे," हार्निश हसत म्हणाले. "बाळ झोपू देत नसेल."

मागे हशा पिकला. थेक्ला उठली ती सरळ फळ्यापाशी. तिने एका कोपऱ्यात तारा काढला आणि त्याच्याकडे जाणाऱ्या रेघा मारून जाळी केली. दूरचे चौकोन लहान, ताऱ्याजवळचे ताणलेले.

"घड्याळ आपलं, इथलं. प्रकाश तिथला," ती म्हणाली. "आपल्या एका टोल्याला तो इथे पाच चौकोन जातो, तिथे एक, आणि अगदी जवळ अर्धासुद्धा नाही. पण तिथेच उभं राहून, तिथल्या पट्टीने आणि तिथल्या घड्याळाने मोजा. वेग तोच येतो. एक तसूही कमी नाही."

"म्हणजे माझं गणित चुकलं?"

"गणित बरोबर आहे. तुम्ही मोजलेत चौकोन, आणि म्हणताय प्रकाश मोजला. प्रोफेसरसाहेब, चौकोन तुमचे आहेत. प्रकाश तुमचा नाही."

पहिला बूट घासला गेला. मग दहा, मग सगळेच. त्या हिवाळ्यात बहुतेकांच्या बुटांना लाकडी तळवे होते, त्यामुळे करवतखान्यात उभं राहावं तसं झालं.

त्या गदारोळातच तिला छातीत ओळखीची कळ आली. दूध दाटलं होतं. लोरे भुकेने रडत असेल, मूठ तोंडात कोंबत असेल. झग्यावर दोन ओले डाग पसरत गेले, पुढच्या बाकावरल्यांना ते दिसले, आणि त्यातल्या एकाने शेजाऱ्याला कोपराने ढोसलं. थेक्लाने हात छातीवर घेतले नाहीत, वहीही आड धरली नाही. खडू हातात धरून, तोंड सभेकडे करून ती उभी राहिली. घासा म्हणावं. पाय दुखतील तेव्हा थांबाल.

पाय दुखले. हळूहळू आवाज विरला.

"माझी सही मिळायची नाही," हार्निश टोपी उचलत शांतपणे म्हणाले. "या विभागात तरी नाही."

"नको," थेक्ला म्हणाली. "पण दुसरी जाळी राहिलीय. ताऱ्यात पडणाऱ्या माणसाच्या घड्याळावर बेतलेली. तिच्यात तुम्ही सांगता त्याच जागेवरून प्रकाश न थांबता आत जातो. तेवढी काढते."

हार्निश निघून गेले. त्यांच्यामागून सहासात जण गेले. रुप्रेश्ट मान खाली घालून बसून राहिला, पण बसला.

थेक्ला फळ्याकडे वळली आणि रेघा ओढू लागली.

"जरा मोठं काढा," शेवटच्या बाकावरून कुणीतरी कुरकुरलं. "इथून काही दिसत नाही."

तिने बाहीनेच फळा पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून, हात पुरेल तेवढी मोठी जाळी काढायला घेतली.