भिंत झालेली चादर

दोन हजार तेवीस साली मला भिंत व्हावं लागलं. मित्रांनो, मी एक जुनी चादर आहे. पण त्या वर्षी मी जे पाहिलं, ते पलंगावर पडून मला कधी दिसलं नसतं.

माझा जन्म मागावरचा. जाड सुती अंग, फिकट पिस्ता रंग आणि विटकरी काठ. आईच्या लग्नात तिच्या मावशीने मला दिलं. आई म्हणजे या घरातली आई; तिला मी दुसऱ्या नावाने कधी ओळखलंच नाही. मला घरात 'पाहुण्यांची चादर' म्हणत. एरवी मी लोखंडी पेटीत, डांबरगोळ्यांच्या सोबतीला असायचे. पाहुणे आले की मला झटकून अंथरायचे. "काय सुरेख पोत आहे हो!" असं म्हणत कुणी हात फिरवला की मी आतल्या आत फुगायचे. ते दिवसच वेगळे होते. माणूस घरी आला की आधी त्याला बसायला द्यायचे, मग पाणी, आणि मग काय काम काढलंत म्हणून विचारायचे.

घरातली लेक सात वर्षांची होती. तिचा पाय एका जागी ठरत नसे, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. एका दुपारी तिने मला पेटीतून ओढून काढलं आणि कात्रीने माझ्या मधोमध दोन भोकं पाडली. तिला भूत व्हायचं होतं. मला डोक्यावरून घेऊन ती दाराआड उभी राहिली. बाबा तेव्हा बस चालवायचे. ते कामावरून आले आणि इतके छान घाबरले, की हातातला डबा घरंगळत पलंगाखाली गेला. आईने मात्र कपाळाला हात लावला. "आता पाहुण्यांना काय अंथरू? तुझं डोकं?" असं म्हणून ती चष्मा लावून रफू करायला बसली. पिस्ता दोरा घरात नव्हता. तिने गडद तपकिरी दोऱ्याने दोन्ही भोकं भरली, गोल आणि घट्ट. त्या दिवसापासून मी पाहुण्यांसाठी बाद झाले. पुढची कितीतरी वर्षं मी पेटीच्या तळाशी काढली.

पेटी पुन्हा उघडली तेव्हा घर दोन खोल्यांवरून एका खोलीवर आलं होतं. भिंगरी मोठी होऊन संगणकाचे प्रोग्राम लिहू लागली होती, आणि एका सकाळी कंपनीने तिच्यासकट अर्धा मजला रिकामा केला होता. बाबांच्या छातीने दगा दिल्यापासून त्यांचं गाडी चालवणं बंद होतं. घर तिच्या एकटीच्या जिवावर होतं. नवी नोकरी मिळाली नाही तर ही खोलीही जाणार, हे तिघांना माहीत होतं. म्हणूनच कुणी ते बोलत नसे.

मुलाखती लॅपटॉपवर व्हायच्या. मागचा ओटा, वाळत घातलेले कपडे आणि बाबांची खाट कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून भिंगरीने मला खुर्चीमागे दोरीवर टांगलं.

"बघ, शेवटी पाहुण्यांसाठीच लागली ना!" आई म्हणाली.

झालं, मुलाखत घेणाऱ्यांना आमच्याकडे 'पाहुणे' हेच नाव पडलं. "आज कितीला पाहुणे?" असं विचारून बाबा आपला खोकला घेऊन जिन्यात जाऊन बसायचे. आई माझ्यामागे ओट्याला टेकून बसायची. वाऱ्याने मी हलायचे, म्हणून पंखा बंद असायचा.

भिंगरीच्या मानेमागून मी सगळं पाहिलं. वर इस्त्रीचा शर्ट, खाली घरातली विटकी विजार. आणि पाहुणे तरी कसले! एक जण तिचं उत्तर ऐकता ऐकता जेवत होता. दुसऱ्याने स्वतःचा कॅमेरा लावलाच नाही. ती काळ्या चौकोनाकडे पाहून हसत राहिली. एका कंपनीने थोडासा गृहपाठ म्हणून तिच्याकडून अख्खा प्रोग्राम लिहून घेतला. कुणी तो उघडला तर आपल्याला कळावं, अशी सोय तिने त्यात ठेवली होती बिचारीने. तो कुणी उघडलाच नाही. कुणाला तिचा अनुभव जास्त वाटला, कुणाला कमी. बहुतेकांनी काही कळवलं नाही, आणि ज्यांनी कळवलं त्यांची पत्रं 'दुर्दैवाने' या शब्दाने सुरू व्हायची.

"आले का दुर्दैवराव?" बाबा दारातून विचारायचे. आधी ती हसायची. मग हसेनाशी झाली.

अशातच एका मोठ्या कंपनीच्या मुलाखतीच्या साऱ्या फेऱ्या तिने पार पाडल्या. फक्त एक परीक्षा राहिली होती. ती झाली की नोकरी हातात. परीक्षेवर लक्ष ठेवायला माणूस नव्हता, यंत्र होतं. खोलीत दुसरं कुणी दिसलं की ते परीक्षा तिथेच बंद करणार होतं.

आदल्या दिवशी आईने मला धुतलं, खळ दिली, इस्त्री केली. एरवी मी सैल लोंबायचे. त्या दिवशी तिने मला चिमट्यांनी ताणून ताणून बांधलं. अंगावर फक्त घडीची एक आडवी रेघ उरली. मला वाटलं, जुने दिवस आले!

परीक्षा सुरू झाली. भिंगरीची बोटं चालत होती. आई माझ्यामागे मांडीवर पातेलं घेऊन बसली होती. खाली ठेवलं तर आवाज होईल म्हणून तिने ते तसंच धरून ठेवलं होतं. निम्म्याहून जास्त उत्तरं झाली, आणि पडद्यावर लाल पट्टी आली. भिंगरीने ती मोठ्याने वाचली.

"दुसरी व्यक्ती आढळली. परीक्षा समाप्त."

ती उठली. मला बाजूला सारून तिने विचारलं, "आई, डोकावलीस तू?"

"नाही गं. तुझी शपथ."

"मग कोण? बाबा जिन्यात आहेत. इथे तिसरं आहे कोण?"

"अगं, मी पातेलंसुद्धा खाली ठेवलं नाही. हे बघ."

"खोटं नको बोलूस! एवढं एकच सांगितलं होतं तुला. एवढं एकच!"

मित्रांनो, आईचा श्वास सगळा वेळ माझ्या पाठीवर होता. ती तसूभरही हलली नव्हती. हे जगात फक्त मला ठाऊक होतं, आणि चादरीला तोंड नसतं.

भिंगरीने कंपनीला विनवणीचं पत्र लिहिलं. उत्तर क्षणात आलं, म्हणजे तेही यंत्राचंच. मग ती भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागली. मायलेकींचं बोलणं 'जेवतेस का' आणि 'नको' एवढंच उरलं. एकदा आई बाबांना हळूच म्हणाली, "अहो, खरंच वाकले असेन का मी? मला आठवत कसं नाही?" ते ऐकून माझे धागे पिळवटले.

शेवटी बाबांनीच भिंगरीला उठवलं. "दुसरी कंपनी बघ. बस एकदा." आई न सांगताच त्यांच्याबरोबर जिन्यात गेली. मला पुन्हा तसंच ताणून बांधलेलं होतं. भिंगरीने कॅमेरा तपासायला घेतला. तिच्या चेहऱ्याभोवती हिरवा चौकोन आला. मग तिच्या खांद्यामागे, माझ्यावर, दुसरा चौकोन आला. ती बाजूला सरकली. तो तिथेच राहिला.

ती वळली आणि माझ्याकडे पाहत राहिली. दोन तपकिरी गोल डोळे, त्यांच्याखाली घडीची आडवी रेघ. सात वर्षांची असताना तिनेच कापलेला चेहरा.

ती जिन्यात धावली. "आई!"

आई दचकून उभी राहिली. "काय गं? आता काय केलं मी?"

भिंगरी पायरीवर बसली आणि तिने आईच्या पायांना मिठी मारली. बाबा आत आले, त्यांनी पडद्यावरचे दोन चौकोन पाहिले आणि म्हणाले, "मी तर तेव्हाच घाबरलो होतो. माझं ऐकतंय कोण!"

तिने माझा फोटो कंपनीला पाठवला. उत्तरात दुर्दैवरावच आले. वर्षभर पुन्हा अर्ज करता येणार नाही, असा निरोप होता.

खोली गेली. तिघं भिंगरीच्या मामाच्या दुकानामागे राहायला गेले. तिथे मला टांगायला जागाच नव्हती. एका मुलाखतीत बाबांना खोकल्याची मोठी उबळ आली. भिंगरी गोठली. समोरच्या बाई म्हणाल्या, "आधी त्यांना पाणी द्या. मी थांबते." त्यांच्या छोट्या कंपनीत तिला काम मिळालं, पूर्वीपेक्षा बरंच कमी पगाराचं. आता तीही कधी कधी मुलाखती घेते. आपला कॅमेरा आधी लावते, आणि उत्तर 'नाही' असलं तरी स्वतः कळवते.

बाबा पुढच्याच वर्षी गेले. शेवटच्या आजारात मी त्यांच्या अंगावर होते. आईला आता सुईत दोरा ओवता येत नाही. तरी ती म्हणते, ते रफू उसवून नीट रंगाचं करून घेऊ. भिंगरी करू देत नाही. ती मला रोज पांघरते.

मित्रांनो, यंत्र काही सांगेल तेव्हा घरच्या माणसाला दोषी धरण्याआधी एकदा मागे वळून पाहा. आणि उद्या माणसं निवडायचं काम तुमच्याकडे आलं, तर त्यांच्याकडे स्वतः पाहा. माझे डोळे तर कधीच शिवून टाकलेले आहेत. तरी आई डोकावली नव्हती, हे मला दिसलं होतं.